अधिक-उणे वाघ

बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या पोराकडे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत पहिली मागणी येते ती सट्ट्याच्या आकड्याची. पोरगं पानठेल्यावर उभं राहिलं की कुणीतरी जवळ सरकतं आणि आवाज उतरवून विचारतं, "आकड्याचंच शिकतेस ना गा? मग आज ओपनले काय येते सांग." पोरगं प्रामाणिकपणे सांगतं की दहा आकड्यांपैकी प्रत्येकाची संभाव्यता एक दशांश, लागला तर रुपयाचे नऊ मिळणार, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे जाणारच. समोरचा सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते जाऊ दे. सत्ता लावू का अठ्ठा?"

दुसरी चौकशी प्रवेशाच्या वेळी होते, ती बाप करतो. "हे शिकून का होते जी?" शेजारच्या टेबलावर फिजिक्सवाले बसलेले असतात. ते फक्त 'इस्रो' म्हणतात आणि पोरगं पळवतात. बॉटनीवाल्यांच्या खिडकीतून तर त्यांचा अभ्यासक्रम क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. माझ्याकडे दाखवायला एक घंटेच्या आकाराची रेघ. ती मी उत्साहाने कागदावर काढून दाखवली, तर एका आईने विचारलं, "हा टेकडा कोठचा जी?"

2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं आणि दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं त्याच्याकडे आली. त्याआधी पदवी काय आणि फेरतपासणीचा अर्ज काय, सगळ्यासाठी तोंड नागपूरकडे. आता विद्यापीठ घराजवळ आलं, पण बापाचा प्रश्न काही बदलला नाही.

गंमत अशी की या मुलखात अंदाज बांधायला कुणाला शिकवावं लागत नाही. धानाच्या पुंजण्याकडे बांधावरून एक नजर टाकून म्हातारा किती खंडी होतील ते सांगतो. मोहफुलाच्या ढिगाला हातही न लावता व्यापारी पायल्या सांगतो, आणि त्या नेमक्या त्याच्या फायद्याच्या निघतात. या विद्येचा मूळपुरुषसुद्धा विदर्भाकडेच यायला निघालेला होता. महाभारताच्या वनपर्वात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी कुंडिनपूरला निघतो. सारथी म्हणून बसलेला असतो वेषांतर केलेला नळ. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. राजा धावत्या रथातून सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं आहेत. नळ रथ थांबवतो, खाली उतरतो, झाड तोडतो आणि मोजत बसतो. आकडा बरोबर निघतो, मग राजाकडून तो फाशांची विद्या शिकून घेतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच टाकत असत, हे लक्षात घेतलं म्हणजे झाडही लेखकाने विचारपूर्वक निवडलं होतं असं म्हणावं लागतं. सगळे राजाचं कौतुक करतात, मला नळाचं वाटतं. साहेबाला घाई आहे, साहेबाने आकडा जाहीरही केलाय, आणि हा गाडी थांबवून पडताळणी करतो. जगातला पहिला सांख्यिकी सहायक तो हाच. झाड तोडून मोजायची त्याची रीत वन विभाग आज मान्य करणार नाही, एवढंच.

तर अंदाज सगळेच करतात. आमचं पोरगं वेगळं पडतं ते एवढ्यासाठी की अंदाज सांगितल्यावर तो किती चुकू शकतो हेही ते सांगतं. पानठेल्यावर, बैठकीत आणि लग्नाच्या बोलणीत ही सवय माणसाला फार महागात पडते.

वर्गातली अडचण निराळी. संभाव्यतेचं शास्त्र फ्रान्समधल्या जुगारातून निघालं. 1654 साली शेव्हालिए द मेरे नावाच्या शौकीन सरदाराने पास्कलला डावाच्या वाटणीचा प्रश्न घातला, पास्कलने फर्माला पत्र लिहिलं, आणि त्यांच्या पत्रव्यवहारातून हा विषय उभा राहिला. त्याचा परिणाम असा की आजही आमच्या पुस्तकात पानोपानी फासे, पत्ते आणि लाल-पांढरे चेंडू भरलेल्या पिशव्या. "52 पत्त्यांतून एक काढला तर तो राजा असण्याची संभाव्यता किती?" मी फळ्यावर लिहिलं. भामरागडकडची एक मुलगी उभी राहिली, "सर, राजे किती असतात?" तिच्या घरी पत्ते कधी आलेच नव्हते. मागच्या बाकावरून लगेच दुसरा प्रश्न, "सर, जोकर धरून की सोडून?" त्याच्या घरी ते रोज येत असावेत. शेवटी मी एक जोड आणून इस्पिक, किलवर, बदाम, चौकट असं शिकवायला बसलो, आणि प्राचार्य दारातून डोकावले तेव्हा माझ्या हातात बदाम राणी होती.

त्या दिवसापासून पत्ते बंद आणि तेंदूपत्ता सुरू. सत्तर पानांचा एक पुडा, त्यात काही पानं फाटकी, त्यातून पाच उचलली तर दोन फाटकी येण्याची संभाव्यता किती? वर्ग एकदम जागा झाला. निम्म्या पोरांनी उन्हाळ्यात पहाटे उठून पानं तोडलेली, दुपारी घरभर बसून पुडे बांधलेले. मी नमुना निवडीकडे वळलो, "संकलन केंद्रावर मुनशी सगळी पानं मोजत नाही, एखादा पुडा उचलतो आणि त्यावरून ठरवतो." कुरखेड्याकडचा एक जण म्हणाला, "वरचा नाही उचलत सर, खालून ओढते." का? "वरचे आम्ही चांगलेच ठेवतो ना जी." नमुना पक्षपाती कसा होतो आणि तपासणारा तो पक्षपात कसा मोडतो, हे शिकवायला माझ्या टिपणात तीन पानं होती. ती मी परत पिशवीत घातली. एक पोरगी हळूच म्हणाली, "आता आम्ही मधातही चांगलेच ठेवतो."

या भागात संख्याशास्त्राची सगळ्यात मोठी जाहिरात वाघ करतो, आणि सगळ्यात मोठी बदनामीही तोच. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सी सुटायच्या आधी गाइड जे बोलतो ते ऐकून माझा जीव वरखाली होतो. "तीन दिवस झाले दिसली नाही साहेब, म्हणजे आज पक्की." वाघिणीने जणू हजेरीपटावर सही केलीय. काल दिसली असती तर हाच गाइड म्हणाला असता, "कालच दिसली, म्हणजे इथंच आहे." दोन्ही बाजूंनी संभाव्यता वाढतच जाते, कमी व्हायचं तिला ठाऊकच नाही. संध्याकाळी ज्यांना वाघ दिसला ते हॉटेलच्या आवारात मोठ्याने बोलतात, ज्यांना दिसला नाही ते खोलीत जाऊन झोपतात. आवारात बसून सर्वेक्षण केलं तर ताडोबात वाघ सगळ्यांनाच दिसतो.

मोजणीचा इतिहासही असाच. 1966 साली ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पाऊलखुणांवरून वाघ मोजायची रीत काढली. मातीतल्या ठशावर काच धरायची, वरून तो गिरवायचा, आणि अनुभवी माणसाने सांगायचं की हा वाघ अमुक. अनुभवी माणूस नेहमी साहेब असायचा आणि साहेबाला वाघ कमी झालेले आवडत नसत. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्कात उघड झालं की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. मग काच गेली, कॅमेरा आला.

हा कॅमेरा आमच्या पोरांना मी फार लाडाने शिकवतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन बसवायचे. दोन का? वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्यासारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एक वाघ कागदावर दोन व्हायची भीती. पट्टे मात्र बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. आता हिशोब: पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत 16 आले, त्यातले 8 ओळखीचे. म्हणजे दुसऱ्या फेरीत निम्मे जुने, तेव्हा पहिले 20 हे एकूण वाघांच्या निम्मे धरायचे. एकूण 40. न दिसलेले वाघ मोजायची ही युक्ती डेन्मार्कमध्ये माशांसाठी आणि अमेरिकेत बदकांसाठी वापरली गेली. भारतातल्या वाघांसाठी ती उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत रुजवली. आता तिची गणितं बरीच पुढे गेली आहेत, पण मूळ हेच.

2018 च्या राष्ट्रीय गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले. फोटो आले 3 कोटी 48 लाख 58 हजार 623. त्यात वाघांचे 76,651. गिनेस बुकात नोंद झाली. बाकीच्या साडेतीन कोटींत काय असेल ते ज्याने आमच्याकडे असे फोटो चाळले त्याला विचारावं. चितळ, रानडुक्कर, वानर, वाऱ्यावर हललेलं गवत, गावची गाय, तीच गाय परत जाताना, आणि मोहफुलं वेचायला निघालेली, कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करणारी बाई. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिली नोकरी हीच केली. घरी विचारलं की तो सांगायचा, "वाघाच्या प्रकल्पात आहे," आणि सगळ्यांच्या नजरेत शिकारी व्हायचा. प्रत्यक्षात तो खोलीत पंख्याखाली बसून गाई वेगळ्या काढत होता.

2022 च्या गणनेत देशात 3682 वाघ निघाले, महाराष्ट्रात 444. देशाच्या आकड्याच्या पुढे आणखी दोन आकडे होते, कमीत कमी 3167 आणि जास्तीत जास्त 3925. हे मी मूलच्या एका चहाच्या टपरीवर समजावून सांगत होतो. चहावाल्याने गाळणी बाजूला ठेवली. "म्हणजे मधातले साडेसातशे वाघ आहेत का नाहीत?" मी म्हटलं, असू शकतात. तो म्हणाला, "आमच्या शिवारात येते तो कोणत्यातला?"

धानाच्या बाबतीत मात्र गंमत थोडी कमी आहे, कारण तिथे पैसा आहे. हंगामाच्या शेवटी पैसेवारी जाहीर होते. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलती, वर गेली तर हरी हरी. ती ठरते पीक कापणी प्रयोगावर. गावातले गट नंबर यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायचे, शेताच्या कोपऱ्यातून तक्ता सांगेल तितकी पावलं लांबीला आणि रुंदीला चालायचं, तिथे खुंटी ठोकून दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, तेवढंच धान कापून, मळून, तोलायचं. कागदावर इतकी निर्मळ पद्धत दुसरी नाही. प्रत्यक्षात तक्ता जे शेत सांगतो ते नाल्यापलीकडे असतं आणि मोटारसायकल नाल्याअलीकडे. मग यादृच्छिकपणे डांबरी रस्त्याला लागून असलेलं शेत निघतं. खुंटी ठोकताना शेतकरी सुचवतो, "साहेब, तिकडून घ्या ना, तिकडे तुडतुडा लागला आहे." त्याचं बरोबरच आहे. त्याला ठाऊक आहे की सरासरी म्हणजे ज्याने खुंटी ठोकली त्याचं मत.

या दहा बाय पाचमागे एका मराठी माणसाचं भांडण आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीचे प्रयोग उभे केले. तिकडे कोलकात्यात महालनोबिस, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, ज्यांचा 29 जून हा जन्मदिवस देश सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. महालनोबिसांचं म्हणणं, तुकडे छोटे घ्या पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा केला की उत्पन्न फुगतं, कारण काठावरची रोपं आत धरायचा मोह कापणाऱ्याला आवरत नाही. दोन थोर माणसं वर्षानुवर्षं भांडली ती काठावरच्या चार रोपांवरून. आमच्याकडे बांधाच्या भांडणात पिढ्या जातात, तेव्हा मला यात काही विशेष वाटत नाही. पुढे सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. पानसे-सुखात्मे ही जोडी कृषी महाविद्यालयातल्या पोरांना आजही पुस्तक म्हणूनच ठाऊक आहे. ती दोन जितीजागती माणसं होती हे सांगितलं की पोरांना धक्का बसतो.

आता बापाच्या प्रश्नाकडे यायलाच हवं. नोकऱ्या आहेत. पंचायत समितीत सांख्यिकीचा विस्तार अधिकारी असतो. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा कार्यालय असतं, ते दरवर्षी जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. त्यात कोंबड्यांपासून टपाल कचेऱ्यांपर्यंत सगळं असतं आणि वाचक नसतात. 1961 पासून भारतीय सांख्यिकी सेवा आहे, परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगाची. विमा कंपनीत विमागणिती होता येतं, पण माणूस किती वर्षं जगेल हे शिकण्याच्या परीक्षा देता देता स्वतःची उमेदीची वर्षं निघून जातात. औषध कंपन्यांना चाचण्यांचे निकाल तपासायला माणसं लागतात, बँकांना कोणता कर्जदार बुडवेल ते सांगणारी. सिरोंच्याच्या पोराला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तेव्हा तो सरळ तिकडे जातो. मी ज्याला समाश्रयण म्हणून शिकवलं आणि ज्यात तो दोनदा नापास झाला, तेच तो तिथे डेटा सायन्स म्हणून करतो. दिवाळीला येतो तेव्हा मला पेढे देतो आणि पगार सांगत नाही. हा त्याचा समंजसपणा.

गावात राहिलेल्याची परीक्षा लग्नाच्या बैठकीत होते. "पोरगा काय करते?" "सांख्यिकी सहायक आहे." मुलीचा बाप फक्त शेवटचा शब्द ऐकतो. "कोणाचा सहायक?" मग नोकरी कायम होणार का, हा प्रश्न. बाकीचे नवरदेव छातीठोक 'हो' म्हणतात. आमचा म्हणाला, "95 टक्के विश्वासाने सांगतो." बैठकीत शांतता. मग सासरा सावकाश म्हणाला, "पाच टक्क्याचं काय, ते आधी बोलून घेऊ."

पुढे पत्रिका. इथे तरी पोराने गप्प बसावं, तर नाही. त्याने पुण्याच्या चाचणीची गोष्ट काढली. 2008 साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगायचं होतं. बरोबर उत्तरं 46 टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आली असती. बैठकीतल्या गुरुजींनी पंचांग मिटलं आणि सांगितलं, ते ज्योतिषी पुण्याचे होते. ही सबब शास्त्रीयदृष्ट्या लंगडी, पण विदर्भात ताबडतोब मान्य झाली. लग्न जमलं. 22 गुण जुळले होते, असं नंतर कळलं.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जे केलं त्याची सुरुवात मोजणीपासून झाली. 39 गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणार, 47 गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था राहणार, आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला जाणार. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे ही गावं आहेत. तुलनेची गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं की पाऊस बरा झाला होता, म्हणून पोरं जगली.

त्याहून मला आवडतं ते त्यांचं श्वास मोजायचं यंत्र. बाळाचा श्वास मिनिटाला ठरावीक संख्येपुढे गेला तर न्यूमोनिया. पण फारसं न शिकलेली दाई पन्नास-साठपर्यंत कशी मोजणार, तेही रडणाऱ्या बाळाच्या पोटाकडे बघत? तर एक मिनिटाची वाळूची घडी आणि बाजूला तारेवर मणी. दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा. हिरवे मणी संपून वाळू पडायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू. आमच्या अभ्यासक्रमात ज्याला निर्णयाचा उंबरठा म्हणतात आणि जो मी दोन तासिका शिकवतो, तो त्या बाईच्या बोटाखाली एका तारेवर बसवलेला. परीक्षेत या यंत्रावर प्रश्न येत नाही. लाल-पांढऱ्या चेंडूंवर येतो.

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी हट्ट धरला की प्रकल्प दारूवर करायचा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदीच्या जिल्ह्यात 'तुम्ही पिता का' असं विचारून खरं उत्तर कोण देईल? त्यासाठी 1965 साली अमेरिकेत स्टॅनली वॉर्नर यांनी एक युक्ती काढली. तिचं पुढे सुधारलेलं रूप असं: माणसाने मनातल्या मनात नाणं उडवायचं. म्हणजे नाणं खरंच उडवायचं, पण कुणाला दाखवायचं नाही. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. शंभरांपैकी साधारण पन्नास 'हो' नाण्याचे. एकूण 62 'हो' आले, तर उरलेल्या पन्नासांत बारा पिणारे. कोण, ते कुणालाच कळत नाही, विचारणाऱ्यालाही नाही. मला ही युक्ती इतकी आवडते की मी पोरांबरोबर स्वतः धानोरा तालुक्यातल्या एका गावी गेलो.

पहिल्या माणसाने नाणं उडवलं, खिशात घातलं आणि निघाला. नाणं आमचं होतं. दुसरा माळकरी. छापा आल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण 'हो' म्हणेना. "मी पेतच नाही त हो कायले म्हनू जी? विठ्ठल ऐकते ना." तिसऱ्याने आधी विचारलं की तुमच्यातलं कोणी पोलिसातलं आहे का, मग म्हणाला की दोनदा उडवतो, पहिलं बरोबर पडलं नाही. चौथे एक आबाजी, काठी टेकत आले. त्यांनी सगळी पद्धत दोनदा नीट समजून घेतली, अगदी माझ्या पहिल्या बाकावरच्या पोरांपेक्षा नीट. नाणं उडवलं, झेललं आणि हात उघडून सगळ्या गावाला दाखवलं. छापा. "हो," ते म्हणाले.

"आबाजी, नाणं दाखवायचं नव्हतं," पोरगी कळवळून म्हणाली, "आता तुमचं उत्तर धरता येत नाही."

"धर ना बाई," आबाजी म्हणाले, "काटा आला असता तरी होच म्हनलो असतो."